हिरव्या कागदावरचा रिकामा रकाना

मला ओळंबा म्हणतात. वय एकसष्ट वर्षे, धंदा मोटारींच्या चाकांचं अलाइनमेंट व बॅलन्सिंग, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीमागे. कोणी बोलावलेलं नसताना आज बुधवारी सकाळी साडेदहा वाजता आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

ओळंबा हे काही माझं पाळण्यातलं नाव नाही. मशीन यायच्या आधी मी दोरी आणि ओळंबा लावून चाकं सरळ करायचो, तेव्हा चिकटलं ते चिकटलं. खरं नाव हवालदारांनी वरच्या चौकोनात लिहून घेतलं आहे. मी बोलेन तसंच लिहा, अशी विनंती मी त्यांना सुरुवातीलाच केली आहे. गेल्या आठवड्यात एका कागदावर जे लिहायला हवं होतं ते लिहिलं गेलं नाही, आणि त्यावरूनच हे सगळं रामायण झालं आहे.

गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पोस्ट ऑफिसच्या कोपऱ्यावर माझ्या भाचीच्या हातून पांढरी मोटार फुटपाथवर चढली आणि तिथे बसून किल्ल्या करून देणाऱ्या म्हाताऱ्याच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. त्याबद्दल ठाण्यात असा कागद तयार झाला आहे की, गाडीत दोष नव्हता आणि चालवणारी बाई भरधाव व निष्काळजीपणे चालवत होती. हा कागद चुकीचा आहे. तो चुकीचा का झाला, ते सांगायला मी आलो आहे.

माझी भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. वय एकतीस, नोकरी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवण्याची. गाडी मागे घ्यायला ती माझ्याच दुकानात शिकली, दोन ड्रमच्या मधून, आणि त्यातला एक ड्रम अजून चेपलेला आहे. त्यानंतर नऊ वर्षांत तिच्या गाडीला ओरखडा नाही. शेकडो लोक तिच्या हाताखालून शिकून गेले. आता स्कूलच्या मालकाने तिला प्रकरण मिटेपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. भरधावचा शिक्का बसला की शिकवण्याचं लायसन्स जातं, आणि गेलेलं परत मिळत नाही. हवालदार म्हणाले, मुद्द्याचं बोला. हाच मुद्दा आहे.

भाचजावयांचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, हेही लिहा. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना दहा दहा वेळा काचा बदलून दाखवतील, पण कपाळाला आठी पडणार नाही. गाडी म्हटली की मात्र त्यांच्या डोळ्यांवर झापड येते. लोकांचे नंबर काढतात आणि स्वतःला मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक दिसत नाही.

त्यांच्या या पांढऱ्या गाडीला कंपनीची पंधरा इंची चाकं होती. ती त्यांना बारीक वाटायची. म्हणायचे, सूट घालून खाली स्लीपर घातल्यासारखी दिसते. महिन्याभरापूर्वी त्यांनी सतरा इंची रिम आणले, त्यावर जाडजूड टायर चढवले, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून प्रत्येक चाकामागे एक इंच जाडीची चकती बसवली. तिला स्पेसर म्हणतात. तिचा उपयोग एवढाच की चाक आणखी बाहेर दिसतं. जुनी चाकं त्यांनी गॅलरीत चादर घालून ठेवली.

हवालदारांनी विचारलं, मोठं चाक घातलं तर बिघडलं कुठे, मोठ्या गाड्यांना असतातच की. हा प्रश्न मी पंचेचाळीस वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. तरी सांगतो. मोठ्या गाडीला मोठं चाक असतं कारण तिचं मडगार्ड, सस्पेन्शन, ब्रेक सगळं त्या मापाचं असतं. आपला पाय सात नंबरचा आणि बूट दहाचा घातला तर बूट दिसतो झकास, पण जिना उतरताना कळतं.

चाकाचं माप म्हणजे नुसतं रिमचं माप नव्हे. रिम आणि त्यावर टायरची भिंत मिळून जो घेर होतो, तो खरा. रिम मोठं घेतलं तर भिंत तेवढी बुटकी घ्यायची, म्हणजे घेर तोच राहतो. मग गादी पातळ होते आणि खड्डा थेट सस्पेन्शनला आणि आपल्या कमरेला लागतो. तो त्रास वेगळा, पण निदान चाक आपल्या जागेत फिरतं. यांनी रिमही मोठं घेतलं आणि भिंतही उंच ठेवली, कारण विकणाऱ्याने सांगितलं की त्याने गाडी भरलेली दिसते. मूळ चाकाचा घेर एकशे पंच्याण्णव सेंटीमीटर, या चाकाचा दोनशे दहा. काट्यावर साठ दिसतात तेव्हा गाडी चौसष्टच्या वर पळत असते. चाक जड, त्यामुळे ते एकदा उडालं की शॉकअपला लवकर आवरत नाही. गाडी थांबायलाही जास्त जागा घेते. आणि मडगार्डच्या आत जिथे चार बोटं जागा होती तिथे एक बोट उरतं.

चकतीचं काय, असं हवालदारांनी विचारल्यावरून मी त्यांना टेबलावरची जाड नोंदवही छातीजवळ धरायला सांगितली. धरली. मग तीच वही हात लांब करून धरायला सांगितली. त्यांचा हात थरथरायला लागला. वही तीच, वजन तेच. चाक एक इंच बाहेर ढकललं की बेअरिंगचं आणि स्टिअरिंगच्या सांध्यांचं नेमकं हेच होतं. प्रत्येक खड्डा चालवणाऱ्याच्या हाताला हिसका देतो. हवालदारांनी हे लिहू का म्हणून विचारलं. लिहा म्हटलं.

त्या चाकांवर भाचीने ती गाडी सुरुवातीला एकदाच चालवली, बाजारापर्यंत. परत येऊन तिने किल्ली फळीवर ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं की ही गाडी माझ्या हातात राहत नाही, वळताना खालून घासल्याचा आवाज येतो. नवरा म्हणाला, तुला सवय नाही. नऊ वर्षं गाडी शिकवणाऱ्या बाईला ते म्हणाले, तुला सवय नाही. ती म्हणाली, मग मामाकडे ने. मामाने हिरवा कागद दिला तर बसेन, तोवर मी बसने जाते. पंधरा दिवस ती बसने गेली.

हिरवा कागद म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा घोळ त्यात आहे. माझ्या मशीनवर गाडी घेतली की चारही चाकांचे कोन पडद्यावर येतात. हद्दीबाहेर असले तर लाल, हद्दीत आले की हिरवे. काम झालं की मशीन कागद छापतं. गिऱ्हाइकाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हिरवा रंग कळतो. लोक तो कागद गाडीच्या कप्प्यात औषधाच्या चिठ्ठीसारखा जपून ठेवतात. प्रत्यक्षात तो सरळ उभ्या गाडीच्या सरळ चाकांचा हिशोब असतो. चाक वळलेलं असताना, गाडी खड्ड्यात दबलेली असताना काय होतं, ते त्यात नसतं. फोटोत हसणारा माणूस घरात कसा वागतो, ते फोटोवरून कळत नाही. हे मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलो आणि पुढे सांगायचं सोडलं.

मागच्या मंगळवारी, म्हणजे अपघाताच्या दोन दिवस आधी, सकाळी नऊ वाजता बहिणीचा फोन आला. तिने सांगितलं की आज जावई गाडी घेऊन येतील. मग म्हणाली, "दादा, तू काही काढू नकोस रे. आधीच दोघांची धुसफूस चालली आहे. कागद देऊन टाक आणि विषय मिटव." मी बघतो म्हटलं. बहिणीला मी आजवर नाही म्हटलेलं नाही, आणि त्याचं फळ प्रत्येक वेळी कोणीतरी तिसऱ्यानेच भोगलं आहे.

सव्वादहाला जावई आले. मी गाडी रॅम्पवर घेतली आणि खाली गेलो. पुढच्या डाव्या मडगार्डच्या आतलं प्लास्टिक तासल्यासारखं झालं होतं आणि त्याला रबराची काळी भुकटी चिकटली होती. मी गाडी खाली उतरवली, शेजारच्या पंक्चरवाल्याला आणि त्याच्या भावाला पुढच्या बंपरवर बसवलं, आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं. टायर मडगार्डच्या कडेला टेकला आणि तिथेच अडला. मी पंक्चरवाल्याकडे बघितलं, त्याने जावयांकडे बघितलं, आणि जावई मोबाइलकडे बघत होते.

मी त्यांना हे दाखवलं. आधी चकत्या काढा, टायर बदला, नाहीतर जुनी चाकं लावा, तोवर ही गाडी रस्त्यावर नको, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. जावई म्हणाले, "रविवारी काढतो, मामा. आज तेवढा कागद द्या. कागदाशिवाय ती गाडीला हात लावायची नाही." मी त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा रविवार सांगितला. मागे चार गाड्या उभ्या होत्या आणि त्यातला एक जण हॉर्न वाजवत होता. मी कोन जुळवले. ते जुळले, कारण उभ्या गाडीचे कोन कुठल्याही चाकावर जुळतात. कागद हिरवा निघाला.

कागदाच्या वरच्या भागात टायरच्या मापाचा एक रकाना असतो. तो हाताने भरावा लागतो. मशीन घेतल्यापासून मी तो एकदाही मोकळा ठेवलेला नाही. त्या दिवशी ठेवला. हवालदारांनी विचारलं, घाईत राहिला का. आधी मी हो म्हणालो होतो, ते खोडायला सांगितलं आहे. घाईत राहिला नाही. भाचीला मापं कळतात. मोठं चाक तिला दिसत होतंच, पण सतरा इंच आणि सोबत टायरच्या भिंतीचा पंचावन्न हा आकडा तिने माझ्या कागदावर वाचला असता तर एका नजरेत ओळखलं असतं आणि गाडीत बसली नसती. जावयांचा रविवारपर्यंत निभाव लागावा आणि बहिणीच्या घरात आदळआपट होऊ नये म्हणून मी रकाना रिकामा ठेवला. हे स्वतःशी कबूल करायलाच मला बरेच दिवस लागले.

त्याच संध्याकाळी सात वाजता भाचीचा फोन आला. ती म्हणाली, "मामा, तू बघितलीस ना?" मी म्हटलं, "बघितली." ती म्हणाली, मग झालं. आणि फोन ठेवला. मी खरं तेच बोललो होतो. बघितली होती. त्याच्या पुढे दोन वाक्यं बोलायची होती, ती मी बोललो नाही. मूर्खपणाला वय नसतं म्हणतात, ते मला बघून म्हटलं असावं.

गुरुवारी ती त्या गाडीतून पोस्टात चालली होती, नवऱ्याच्या दुकानासाठी आलेलं काचांचं पार्सल सोडवायला. कोपऱ्यावर डावीकडे वळताना गटाराचं एक झाकण चार बोटं खाली खचलेलं आहे. ते गेली दोन वर्षं खचलेलं आहे आणि तिथून रोज शंभर गाड्या जातात. डावं चाक त्यात उतरलं, वर येताना सस्पेन्शन दबलं, आणि वळलेला टायर मडगार्डच्या कडेत अडकला. चाक सरळ व्हायला तयार नाही, म्हणून गाडी वळतच राहिली आणि फुटपाथवर चढली. भाचीने पहिल्या दिवशी इथे सांगितलं होतं की स्टिअरिंग कोणीतरी धरून ठेवल्यासारखं झालं. ते लिहून घेतलं गेलं, पण पुढे कंसात प्रश्नचिन्ह घातलं आहे. मी ते आत्ता पाहिलं. तो कंस काढावा.

किल्लीवाल्याला मी शनिवारी हॉस्पिटलात भेटून आलो. माझ्या दुकानाच्या दोन्ही कुलपांच्या किल्ल्या त्यानेच केल्या आहेत. प्लास्टर कोपरापर्यंत आहे. डाव्या हाताने चहा पीत होता आणि निम्मा बशीत सांडत होता. म्हणाला, मी मान खाली घालून कानस मारत होतो, त्यामुळे गाडी कशी आली ते काही सांगू शकत नाही. एवढं सांगतो, की पोरगी मला टाकून गेली नाही. त्याचा हात पूर्वीसारखा होईल का, ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. मीही विचारायचं टाळलं.

गुरुवारी भाची त्याच्याबरोबर हॉस्पिटलात होती, तेव्हा जावई कोपऱ्यावर आले. शिपायाने नंबरप्लेट लिहून घेतली होती आणि गाडी उद्या ठाण्यात आणा म्हणून सांगितलं होतं. चाकांकडे कोण बघतं. जावयांनी गाडी घरी नेली, गॅलरीतली पंधरा इंची चाकं लावली, मडगार्डच्या आतलं तासलेलं प्लास्टिक बदललं, आणि शुक्रवारी सकाळी गाडी इथे आणून उभी केली. शनिवारी वाहन निरीक्षकांनी तपासली. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, चाकं कंपनीची. कप्प्यात माझा हिरवा कागद, तारीख मंगळवारची. भाचीने सांगितलं की त्या दिवशी मोठी चाकं होती. जावयांनी सांगितलं की ती मी आधीच्या रविवारीच काढली, मंगळवारी मामांनी तपासली ती हीच चाकं. कागदात माप नाही, त्यामुळे कागद त्यांच्या बाजूने बोलला. भाचीला कोणीतरी सांगितलं, नवरा-बायकोचं भांडण घरी मिटवा. कोणी सांगितलं ते मला माहीत आहे, पण ते लिहा असा माझा आग्रह नाही.

सोमवारी दुपारी भाची दुकानात आली. कागदाची झेरॉक्स तिने काउंटरवर ठेवली आणि वर पान्हा ठेवला, पंख्याने उडू नये म्हणून. तिने विचारलं, "हा तुझाच ना?" मी हो म्हटलं. तिने विचारलं, "माप का नाही घातलंस?" मी काहीतरी पुटपुटलो, गर्दी होती वगैरे. ती ऐकत उभी राहिली. मग ती गेली. झेरॉक्स तिथेच राहिली. त्या दिवशी मी तो पान्हा उचलला नाही, दुसरा वापरला.

काल मंगळवारी सकाळी मी जावयांच्या दुकानात गेलो. तुम्ही स्वतः जाऊन खरं सांगा, मी बरोबर येतो, असं त्यांना सांगितलं. ते एका बाईंच्या डोळ्यांवर चौकट बसवत होते. ती बसवून झाल्यावर मला मागच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "मामा, कागद तुमचा आहे. तुम्ही तोंड उघडलंत तर आधी तुम्हीच अडकाल. तिला काय, थोडाफार दंड होईल आणि सुटेल." मी विचारलं, आणि लायसन्स? ते म्हणाले, नाहीतरी ती नोकरी सोडच असं मी तिला सांगतच होतो. मला राग यायला हवा होता. आला, पण घरी पोचल्यावर. वय झालं की रागही उशिरा येतो.

आता पुरावा काय, असं हवालदारांनी विचारलं, त्याबद्दल सांगतो. पंक्चरवाल्यालाही विचारा, पण तो माझा शेजारी, म्हणून नुसती त्याच्यावर भिस्त ठेवत नाही. टायरवर छापलेल्या मापावर माझा कधीच विश्वास नव्हता. एक टायर झिजलेला, एक नवा, असं असलं तरी गाडी एका अंगाला ओढते. म्हणून मशीन यायच्या आधीपासून मी प्रत्येक चाकाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजतो, आणि रॅम्पखाली गेल्यावर त्या त्या चाकाच्या शॉकअपच्या नळीवर, आतल्या बाजूला, पिवळ्या ऑइलपेंटने तो आकडा आणि तारीख टाकतो. मशीन आल्यावर याची काही गरज उरली नाही. गल्लीतले लोक हसतात. म्हणतात, ओळंबा गाड्यांना कुंकू लावतो. पण सवय जात नाही.

त्या मंगळवारीही मी दोरा लावला होता आणि आकडे टाकले होते. मुद्दाम नाही, हात सवयीने गेला. वर येऊन कागदावर गप्प बसलो, पण खाली नळीवर लिहून बसलो होतो, आणि हे मला स्वतःलाच काल रात्री जेवताना आठवलं. नळीची ती बाजू इंजिनाकडे तोंड करून असते. चाक काढलं तरी दिसत नाही, गाडीखाली जाऊन वर बघावं लागतं. जावयांनी चाकं बदलली, प्लास्टिक बदललं, पण खाली ते गेले नसणार, त्यांना कपड्यांना ग्रीस लागलेलं चालत नाही. निरीक्षकांना दोष देत नाही, ठाण्याच्या आवारात रॅम्प नाही आणि त्यांनी वाकून टॉर्च मारला तेवढं पुष्कळ केलं.

तरी दोन पंच घेऊन, मी तिथे हजर नसताना, गाडी कुठल्याही दुसऱ्या गॅरेजच्या रॅम्पवर चढवावी आणि पुढच्या दोन्ही नळ्या बघाव्यात. दोन्हींवर पिवळ्या रंगात २१० आकडा आणि गेल्या मंगळवारची तारीख मिळेल. मग आत्ता लावलेल्या चाकांभोवती दोरा गुंडाळून मोजावा. तो एकशे पंच्याण्णव भरेल, झिजेप्रमाणे अर्धा-एक कमी. पंधरा सेंटीमीटरची चूक दोऱ्याची नसते, माणसाची असते. आकड्यांचं अक्षर माझं आहे. दोनच्या शेपटीला मी गाठ मारतो, ती माझ्या दुकानातल्या कोणत्याही वहीशी ताडून बघता येईल.

इथे हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, काका, हा आकडा सापडला तर मुलगी सुटेल, पण तुम्हाला चाकं माहीत होती हेही त्यानेच सिद्ध होतं. उद्या दुकानाचं लायसन्सही विचारतील. कळतंय ना? मी म्हटलं, कळतंय. तोंड उघडलं की मीही अडकणार, हे सोमवारपासून कळत होतं, म्हणूनच बुधवार उजाडला. पंचेचाळीस वर्षं लोकांची चाकं सरळ केली, हे मी इथे लिहायला सांगणार होतो, पण ते राहू द्या.

मंगळवारच्या कागदाची दुकानातली माझी प्रत मी बरोबर आणली आहे. ठाण्याच्या साहेबांच्या परवानगीने, त्यांच्या आणि हवालदारांच्या समोर, त्यातला टायरच्या मापाचा रकाना मी आत्ता माझ्या हाताने भरला. चारही चाकं सतरा इंची, घेर २१०, मागे एक इंचाची चकती, या गाडीला लागत नाहीत, चालवू नये. खाली आजची तारीख टाकली, कारण गेल्या मंगळवारची टाकली असती तर तेही खोटंच झालं असतं. प्रत जबाबाला जोडली आहे.

भाची बाहेर बाकावर बसली आहे. मी तिला बोलावलं नव्हतं, बहिणीने सांगितलं असावं. आत येताना मी तिच्यासमोर थांबलो. ती माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "मामा, आज तरी सगळं सांग." आणि सरकून मला वाट दिली.

सगळं सांगितलं आहे. हवालदारांनी जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो बाहेर बाकापर्यंत ऐकू जावा म्हणून मी दार उघडं ठेवायला सांगितलं होतं. नंतर मी स्वतःही चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला. चष्मा भाचजावयांच्याच दुकानातला आहे आणि नंबर अगदी बरोबर आहे, त्याबाबत तक्रार नाही. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलं आहे, कुठेही जागा रिकामी सोडलेली नाही, ते बघून खाली सही करतो.